वेळणखाडीचा वायू

१

दार ढकललं तेव्हा बकुळाला आधी मांजर दिसलं. पाय ताणून, तोंड उघडं टाकून पडलेलं. मग त्याच्या पलीकडे संदेश दिसला.

मासळीच्या कचऱ्याची पाटी घेऊन ती नेहमीसारखी सकाळी बायोगॅस प्रकल्पावर आली होती. संदेश शिवलकर तिथला ऑपरेटर. तो तिच्या आधी येऊन टाकीचं झाकण उघडून ठेवायचा. आज झाकण बंद होतं, आणि त्याच्या चपला यंत्राशेजारच्या छोट्या जांभ्याच्या खोलीबाहेर काढलेल्या होत्या. त्या खोलीत गॅसचे नळ उघडबंद करायच्या चाव्या होत्या. दाराला स्प्रिंग होती, त्यामुळे ते आपोआप मिटायचं.

"संदेश? अरे मेल्या, उठ!" म्हणत ती त्याच्यावर वाकली आणि तिचं डोकं गरगरलं. कशीबशी उंबऱ्याला धरून ती बाहेर पडली आणि ओरडत सुटली, "गॅस फुटला! गॅस फुटला!"

वेळणखाडीत कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. घराघरांत या प्रकल्पाचा नळ गेला होता. बायकांनी शेगड्या बंद केल्या, चुलीवरची पेज तशीच टाकली, मुलं उचलली. म्हातारी माणसं पाठुंगळी घेतली गेली. थोड्याच वेळात सगळं गाव वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, उन्हात उभं होतं आणि खाली आपल्याच कौलांकडे बघत होतं.

संदेशची बायको दर्शना तेवढी खाली जायला धडपडत होती. तिला चौघींनी धरून ठेवलं होतं.

२

उपनिरीक्षक तेजस्वी घडशी भाट्याचा पूल ओलांडून वेळणखाडीत पोहोचली तेव्हा अग्निशमनवाल्यांनी प्रेत बाहेर आणून झाकलं होतं. खोली दोन्ही बाजूंनी उघडून वारा खेळवला होता. तरीही आत पाऊल टाकायला ती कचरली. चोर दिसतो, सुरा दिसतो. इथे ज्याने माणूस मारला होता तो अजून कोपऱ्यात उभा असला तरी तिला दिसणार नव्हता.

तिने श्वास आखडता घेत खोली पाहिली. गॅसच्या चाव्या गुडघ्याइतक्या उंचीवर. भिंतीवर, डोक्याच्या उंचीला, मिथेन कळवणारा मीटर. अग्निशमनच्या माणसाने बाटलीतला गॅस त्याच्यासमोर धरला, तर त्याने कान फोडले.

"चांगला चालतोय," तो म्हणाला.

वर कौलारू छप्पर. भिंत आणि वासा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, आणि त्या फटीत पाकोळीचं घरटं. पिल्लं चोची वासून ओरडत होती. तिने बाहेर येऊन मागची बाजू बघितली. जमिनीलगत हवेसाठी झरोका होता. त्याखाली एक गोणपाट पडलं होतं. उन्हात सगळी जमीन सुकली होती, गोणपाट मात्र चिंब ओलं होतं. कुणीतरी ते चौकोनी घडी घालून कशात तरी गच्च दाबलं असावं, घडी अजून मोडली नव्हती.

शेजारचं शुद्धीकरणाचं यंत्र घरघरत होतं.

"माणूस मेलाय आणि हे चालू कसं?" तिने विचारलं.

"मीच चालू ठेवायला सांगितलंय," मागून शांत आवाज आला. "टाकीत गॅस साठून राहिला तर जास्त धोका. तो संपवायचा, टाकी रिकामी करायची, मग लोकांना खाली आणायचं."

मनस्वी सावर्डेकर. जिल्ह्यात मिथेन कमी करण्याच्या सरकारी मोहिमेची समन्वयक. अलोऱ्याच्या वसाहतीत वाढलेली, शिकून अधिकारी झालेली. हा प्रकल्प तिनेच गावात आणला होता. पूर्वी मासळीची घाण आणि शेण खाडीच्या काठावर उघड्यावर कुजायचं, त्यातून मिथेन हवेत जायचा आणि हवा तापवण्यात भर घालायचा. आता तेच बंद टाकीत कुजत होतं आणि गॅस चुलीला मिळत होता. किनाऱ्यावरची आणखी बरीच गावं वेळणखाडीकडे बघून होकार द्यायच्या बेतात होती.

"सांध्यातून मिथेन गळला, खोलीत भरला, संदेश गुदमरला," मनस्वी म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा होता हो तो."

३

प्रकल्पाचा व्यवस्थापक रितेश पाथरे गाडीत काचा लावून बसला होता. ठेकेदाराचा भाचा, कॉमर्स शिकलेला. तेजस्वीने काच वाजवली तर तो दचकला.

"मला त्यातलं काही कळत नाही, मॅडम. मी फक्त गाड्या, माणसं, हजेरी बघतो. यंत्रातलं सगळं संदेश आणि मनस्वी मॅडम."

"घाबरलायत कशाला एवढे?"

"उद्या दिल्लीहून तपासणीचं पथक येतंय." त्याने ओठ चाटले. "उपग्रहाच्या चित्रात या खाडीवर मिथेनचा ढग दिसलाय म्हणे. आमचा प्रकल्प मिथेन कमी करायला, आणि ढग आमच्याच डोक्यावर! आणि आज हे. सगळं माझ्यावर येणार."

"सकाळी कुठे होतात?"

"रत्नागिरीत, गॅरेजमध्ये. विचारा कुणालाही."

तिने तिथूनच फोन लावला. तो खरं बोलत होता.

गॅसच्या भीतीने कुणी फिरकत नव्हतं तिथे, टाकीच्या तोंडाशी, एक म्हातारा मांडी घालून बसला होता. महिपत नागवेकर, मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष आणि प्रकल्पाचा सगळ्यात कडवा विरोधक. हा कारखाना एक दिवस कुणाचा तरी जीव घेईल, असं तो ग्रामसभेत ओरडला होता. गावाला ते आज आठवत होतं.

"तुम्हाला भीती नाही वाटत, आजोबा?"

"वाटता ना." तो जागचा हलला नाही. "पन मी उठलो की ही बाय टाकीतली घान खाडीत सोडनार. ओहोटी लागलीय. सगळी कालवं मरतील."

"तुम्ही म्हणाला होतात, जीव जाईल."

"म्हनलो व्हतो." तो झाकलेल्या प्रेताकडे बघायचं टाळत होता. "माझ्या होडीवर वाढला तो पोर. कारखान्यात गेला म्हनून मी त्याच्याशी बोलनं टाकलं. आता बोलू कोनाशी?"

टाकी रिकामी करायचं काम उद्यापर्यंत थांबवा, असं तेजस्वीने मनस्वीला सांगितलं. मनस्वीने होकारार्थी मान हलवली, पण तिचा चेहरा बदलला.

४

सड्यावर तेजस्वी चढली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. कुणी खोकलं तरी आजूबाजूचे मागे सरकत होते.

बकुळा एका दगडाला टेकून बसली होती. अंगावर गोधडी, तरी कापत होती.

"वास आला का गो तुला? अंड्यासारखा, नासका?" तेजस्वीने तिच्या शेजारी बसत विचारलं.

"नाय. कसलाच नाय. उभी व्हते तवर कायपन नव्हता. त्याच्यावर वाकले आनि..." बकुळाने नाक चोळलं. "गोटीसोडा पिताना नाकात कसा जातो? तसा झाला. झिनझिन्या. मग डोळ्यांपुढं काळोख."

तेजस्वीने तिला ते पुन्हा सांगायला लावलं. बकुळाने तसंच सांगितलं.

पलीकडे सखू नावाची एक तरुण बाई चांगलं मोठं मूल कडेवर घेऊन उभी होती. घामाने निथळत होती, हात भरून आले होते, मूल खाली उतरायला रडत होतं.

"ठेव ना खाली त्याला."

"नको! मनस्वीतायनी बजावलंय. पोरांना भुईला ठेवू नका, खाली बसू नका, वरच्या वर निघा. ती नसती तर आम्ही खाडीच्या पात्रातच पळालो असतो, मॅडम. तिनंच हाका मारून मारून सगळ्यांना वर घेतलं."

शेवटी दर्शना. तिला आता कुणी धरलेलं नव्हतं. ती खाली बघत होती.

"काल रात्रीपासून जेवला नव्हता," ती म्हणाली. "म्हणाला, परवा दिल्लीची माणसं येतील, त्यांना मी दाखवणार गॅस कुठून सुटतो ते. मी म्हटलं, तुझी नोकरी जाईल. म्हणाला, जाऊ दे, मला झोप लागत नाय."

"कुणाला सांगितलं होतं त्याने हे?"

"सांगायचं होतं त्या माणसाला सांगून आलोय, म्हणाला. नाव नाय घेतलं." तिने तेजस्वीचं मनगट धरलं. तिची बोटं बर्फासारखी होती. "मॅडम, त्यानं शिकवलं होतं मला, हा गॅस हलका असतो, वर जातो. मग तो खाली पडून कसा मेला?"

तेजस्वीने तो प्रश्न तसाच वहीत लिहून घेतला. तिच्या मनात काहीतरी जुळायला सुरुवात झाली होती आणि त्याची तिला भीती वाटत होती.

५

ती एकटी खाली आली. गल्ल्या रिकाम्या, दारं उघडी. एका पडवीत सुपात निवडायला घेतलेले तांदूळ तसेच होते. कोंबड्यासुद्धा कुठे दिसत नव्हत्या.

मनस्वी यंत्राजवळ उभी होती. तिच्याशी बोलताना तेजस्वीने एक चूक केली.

"मॅडम, बकुळा म्हणते नाकात सोड्यासारखं झालं. मिथेनने असं होतं का?"

मनस्वीने यंत्राकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, "घाबरलेल्या माणसाला काहीही वाटतं. पण बरं झालं विचारलंत. गळका सांधा सापडलाय मला. बघून घ्या, तुमच्या पंचनाम्याला लागेल."

यंत्रामागे जमिनीत खड्डा होता, नळ वळवण्यासाठी बांधलेला, माणसाच्या उंचीहून खोल. त्यात लोखंडी शिडी उतरत होती. वर पत्र्याचं झाकण उघडं होतं.

"खाली, डाव्या हाताला. वाकून बघावं लागेल."

तेजस्वीने हातात धरायचा मिथेनचा मीटर मागितला, तो मनस्वीने लगेच दिला. मीटर गप्प होता. तेजस्वी शिडी उतरू लागली. खड्ड्यात गार वाटलं. अंधारात एक जाडसर रबरी नळी कोपऱ्यात पडलेली दिसली. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून बारीक सुस्कारा येत होता.

ती बघायला वाकली.

नाकात झिणझिण्या आल्या. तोंडात आंबूस चव आली, गोटीसोड्याची.

तिने वर बघितलं. आभाळाचा चौकोन बारीक होत होता. मनस्वी झाकण सरकवत होती.

६

ओरडण्यासाठी श्वास घ्यावा लागतो, आणि तोच घ्यायचा नव्हता. तेजस्वीने ओठ मिटले, शिडी धरली आणि चढू लागली. पाय जणू दुसऱ्या कुणाचे झाले होते. छाती हवेसाठी फुटत होती. तिने हातातला मीटर झाकणावर आपटला, पुन्हा आपटला. मग शिडी हातातून निसटायला लागली.

झाकण खडखडलं. कुणीतरी ते ओढून बाजूला फेकलं. राठ हाताने तिची कॉलर पकडली, मग दंड, आणि जाळं ओढावं तसं तिला वर ओढलं.

"घे, घे, दम घे, बाय," महिपत धापा टाकत म्हणत होता. "टाकीशी बसलो व्हतो, आवाज आयकला..."

तेजस्वी जमिनीवर पालथी पडून हवा गिळत होती. तिला रडू येत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने मान उचलली.

मनस्वी पळून गेली नव्हती. ती खड्ड्याच्या काठावर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"यंत्र बंद करा," तेजस्वी म्हणाली.

मनस्वी उठली आणि तिने यंत्र बंद केलं. घरघर थांबल्यावर खाडीवरचा वारा ऐकू यायला लागला.

"मिथेन हलका," तेजस्वी एकेक शब्द जुळवत बोलू लागली. "खोलीत मिथेन भरला असता तर आधी छपराखालची पाकोळीची पिल्लं मेली असती. ती ओरडतायत. मीटरही ओरडला असता. आणि कौलाखालच्या फटीतून तो निघूनच गेला असता. खोलीत भरला तो जड वायू होता, पाण्यासारखा तळाशी साचणारा. इथलं यंत्र गॅसमधून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून बाहेर सोडतं. त्याची नळी, आता या खड्ड्यात सोडलीय तीच, कुणीतरी खोलीत वळवली, आणि तो बाहेर वाहून जाऊ नये म्हणून खालचा झरोका ओल्या गोणपाटाने बुजवला. खालची चावी बंद करायला संदेश वाकला. तो पुन्हा सरळ झालाच नाही."

"म्हंजे ह्यांनी?" महिपत म्हणाला. "पन रितेशपन व्हता ना इथला."

"रितेश रत्नागिरीत होता, आणि त्याला एक गॅस दुसऱ्यापासून ओळखता येत नाही. तुम्हालाही नाही, आजोबा. तुम्ही वाईट हेतूने आला असता तर वरची फट बुजवली असती. संदेशनेच सगळ्यांना शिकवलं होतं ना, गॅस वर जातो." तिने मनस्वीकडे पाहिलं. "मला सांगितलंत मिथेन गळला. मग बायकांना का सांगितलंत, मुलांना भुईला ठेवू नका? खाडीच्या सखल पात्रात जाऊ नका? हलक्या वायूपासून पळणाऱ्या माणसाला असं कुणी सांगत नाही. खोली उघडली की तो उतारावरून वाहत कुठे जाईल हे तुम्हाला माहीत होतं. मुलं मरतील याची तुम्हाला भीती वाटली."

मनस्वीने डोळे मिटले.

"सखूचं मूल जमिनीवर बसलं होतं," ती म्हणाली. "खाडीच्या अंगाला. मला दिसलं आणि मी ओरडले. तेव्हा काही सुचलंच नाही."

"संदेश का?"

"जास्तीचा गॅस जाळायची चिमणी बिघडली. सुटा भाग येईना. गॅस ठेवायचा कुठे? मी संदेशला म्हटलं, थोडे दिवस कांदळवनात सोड. थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा गेला. मी वर कळवत राहिले, सगळा गॅस चुलीत जळतोय. आकाशातून कुणी बघेल असं मनातसुद्धा आलं नाही." तिचा आवाज कापला. "काल तो म्हणाला, ताई, मी परवा सांगणार. मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले. अपघात झाला असता तर टाकी धुऊन, नळ बदलून प्रकल्प पुन्हा उभा राहिला असता. खोटेपणा उघडा पडला असता तर एकाही गावाने दार उघडलं नसतं. किनाराभर घाण पुन्हा कुजत पडली असती. एक माणूस आणि सगळा किनारा, असं मी स्वतःला रात्रभर सांगत होते. सकाळी त्याला म्हटलं, खालची चावी बघ जरा. तो हो ताई म्हणाला आणि चपला काढून आत गेला."

महिपत खाली बसला आणि त्याने तोंड पंच्यात लपवलं.

"आणि मी?" तेजस्वीने विचारलं. "मी कुठल्या किनाऱ्यासाठी?"

मनस्वीने दोन्ही मनगटं पुढे केली.

७

दुसऱ्या दिवशी पथक आलं. दर्शनाने त्यांना कांदळवनात नेलं. संदेशने तिला जागा सांगितली होती. चिखलात पुरलेल्या नळाच्या तोंडाशी पाणी उकळल्यासारखं बुडबुडत होतं. पथकाने तो नळ तोडून बंद केला, चिमणी दुरुस्त करून घेतली. कार्बन डायऑक्साइडची नळी खोलीत वळवताच येऊ नये अशी उंच खांबावर बांधली. खोलीत जमिनीलगत दुसरा मीटर बसला, जड वायूचा. मग पथक म्हणालं, आता धोका नाही, आणि निघून गेलं.

तरी गाव प्रकल्पाच्या बाजूला फिरकेना. शेगड्यांवर धूळ बसली. मासळीची घाण पुन्हा काठावर पडू लागली आणि माश्यांनी दारं-खिडक्या काळ्या झाल्या. शेवटी ग्रामसभा भरली. तेजस्वी मागे भिंतीला टेकून उभी होती. खड्ड्यातून वर आल्यापासून तिला लिफ्टमध्येही जाववत नव्हतं, पण ती आली होती.

महिपत उठला. सगळ्यांना वाटलं, हा आता कायमचं कुलूप लावायला सांगणार.

"चालू करा," तो म्हणाला. "पन चावी गावाच्या हातात. सरकारची माणसं येतील, बघतील, जातील. हितं ऱ्हायचं आपल्याला हाय."

"आत कोन जानार पन?" कुणीतरी विचारलं.

माना खाली गेल्या.

"मी जाते," दर्शना म्हणाली. "मला चाव्या ठाऊक हायत. त्यानं दाखवल्या होत्या."

सगळं गाव तिच्या मागोमाग खाली आलं आणि अंगणाच्या कडेला थबकलं. महिपत एकटा पुढे गेला. त्याने स्प्रिंग काढलेलं दार सताड उघडून पाठीने अडवलं आणि स्वतःच्या कमरेला दोर बांधून दुसरं टोक दर्शनाच्या हातात दिलं.

"बांध. आनि बोलत ऱ्हा. गप झालीस की मी ओढनार."

"काय बोलू?"

"कायपन. आज काय रांधलंस ता सांग."

दर्शनाने उंबऱ्यावर एकदा डोळे मिटले. मग ती आत शिरली आणि खालच्या चावीपाशी वाकली. आतून तिचा आवाज आला, बारीक, फाटलेला.

"सकाळी पेज केली... चुलीवर. मग बांगडे आणले बकुळाकडनं. त्रिफळं घालून तिखलं केलं..."

बाहेर कुणी हललं नाही. तान्ह्या पोरांच्या आयांनी त्यांची तोंडं पदराखाली घेतली होती, रडू नयेत म्हणून. सगळी वेळणखाडी श्वास धरून ऐकत होती.

"...मीठ जास्त पडलं. सासू ओरडली. मग भात लावला..."